न मोडणाऱ्या नंदीचं दुकान

नानाजींच्या हातचा लाकडी नंदी मोडलेला प्रताप नगरात कोणी पाहिला नाही. धंद्याची खरी अडचण तीच होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. त्यात खऱ्या बैलांच्या जागी चाकांवरचे लाकडी नंदी असतात. पोरं धोतर-फेटा बांधून त्यांना दोरीनं ओढत दारोदार फिरतात आणि बोजारा मागतात. म्हणजे खाऊ म्हणा, नाणं म्हणा, ज्याचा जसा हात सुटेल तसं. या एका दिवसासाठी नानाजी वर्षभर घरामागच्या शेडमध्ये सागवान तासत बसत. भिवापूरकडच्या खेड्यातून तरुणपणी शहरात आले तेव्हा बरोबर बापाचा रंधा होता आणि बापाच्या गोष्टी होत्या. रंधा झिजला. गोष्टी मात्र वाढत गेल्या.

त्यांचा एक नंदी गोकुळपेठेत तिसऱ्या मजल्याच्या माळ्यावरून घसरला तो फरशी फोडून थेट खालच्या घरच्या देवघरात जाऊन उभा राहिला. शिंगाचा रंगही निघाला नाही. खालच्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि परत द्यायला साफ नकार दिला, कारण तो त्यांच्याकडे स्वतःहून आला होता. दुसरा नाग नदीच्या पुरात गेला तो कन्हान करत, वैनगंगा करत पवनीला लागला. नानाजी आणायला गेले तर नंदीच यायला तयार नाही; तोवर गावानं त्याचं लग्न ठरवलं होतं. तिसऱ्याचं सागवान इतकं जिवंत की पावसाळ्यात अंगणात विसरला तर शेपटीला पालवी फुटली. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन पाहावं. पालवी बकरीनं खाल्ली, एवढंच.

असला नंदी एकदा घरात शिरला की बाप ओढतो, मग पोरगा ओढतो, मग नातू ओढतो. नंदी नेला की तो माणूस गिऱ्हाईक म्हणून संपला. चाळीसेक वर्षांत नानाजींनी अर्ध्या नागपूरला नंदी पुरवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला ते उसने मिळत होते. गेल्या काही वर्षांत शेडमध्ये नवे नंदी तयार होऊन भिंतीला तोंड करून उभे राहत, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

नानाजींचा मुलगा मनोहरराव सरकारी कचेरीत कारकून. स्वभावानं वाईट नाही, पण कागदाला टाचणी टोचल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. श्रावण लागला त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो शेडच्या दारात उभा राहिला.

"बाबा, विक्की शेड मागून राहिला. मोमोजचं दुकान टाकाचं म्हणते."

विक्की म्हणजे शेजारचा पोरगा. तिशीचा, टेम्पोवाला, डोक्यात रोज नवा धंदा.

"कायचं दुकान?" नानाजींनी रंधा थांबवला.

"मोमोज. मैद्याचे राहते. उकडलेले."

"म्हणजे मोदकच. त्याच्यासाठी माया नंदी रस्त्यावर काढतं का गा?"

"रस्त्यावर नाही म्हणत मी. तान्हा पोळा होऊ द्या. यंदा शेडनं आपलं पोट आपण भरलं, तं शेड तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही भरलं, तं पोळा झाला की चाबी विक्कीले."

नानाजी पुन्हा रंधा मारू लागले. बायको गेल्यापासून ते त्या शेडमध्येच राहत होते म्हणायचे. घरात फक्त जेवायला आणि भांडायला येत. शेड गेली तर सकाळी उठून हातांचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि त्याचं एकही खोटं उत्तर त्यांना सुचेना.

विक्की मात्र त्याच दिवसापासून मोजपट्टी घेऊन येऊ लागला. "नमस्कार नानाजी, काही नाही, इथं फ्रिज बसते का तेवढं पाहून राहिलो." नानाजी त्याच्या मोजपट्टीच्या टोकावर नंदी उभा करून ठेवत.

त्या रविवारी नात अपेक्षा शेडमध्ये आली. मनोहररावाची ही एकुलती एक पोरगी विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत नोकरीला होती आणि संध्याकाळी व्यवस्थापनाचे वर्ग करत होती. तिनं नानाजींच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि भिंतीला टेकवलेल्या प्लायवूडवर चार मोठे चौकोन आखले. एकात लिहिलं वस्तू, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात जागा, चौथ्यात जाहिरात.

"हे काय वं? लंगडी खेळाची आहे का?"

"याले मार्केटिंग मिक्स म्हणतात, नानाजी. कोणताही धंदा उभा कराचा तं आधी हे चार ठरवाचे. काय विकाचं, केवढ्याले विकाचं, कुठं विकाचं आणि लोकाइले कसं सांगाचं."

"मिक्स म्हणजे चिवडा?"

"हाव, चिवडाच समजा. पोहे चांगले, दाणे चांगले, पण मीठ जास्त पडलं की अख्खा डबा फुकट. हे चारही एकमेकाले पाहून पडले पाहिजे."

चिवड्याचं नानाजींना पटलं. ते स्टूल ओढून समोर बसले.

"वस्तू," अपेक्षा म्हणाली, आणि क्षणभरही न थांबता तिनं त्या चौकोनात बरोबरची खूण केली. "आपला नंदी एक नंबर. त्याच्यात पाहाचं काय?"

"काहीच नाही," नानाजी म्हणाले.

"किंमत."

नानाजी एकदम छताकडे पाहू लागले.

"नानाजी, किंमत."

"नंदीची किंमत तोंडानं सांगत नाहीत. महादेवाचं वाहन आहे ते. माया बापानं कधी सांगतली नाही, मी सांगतली नाही."

ही त्यांच्या घराची रीत होती. गिऱ्हाइकापुढे नंदी ठेवायचा आणि पाठ वळवून अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहत राहायचं. गिऱ्हाइकानं मनाला येईल ते नंदीच्या पुढ्यात ठेवायचं. जुनी माणसं यात तरबेज होती. नवी पिढी मात्र येऊन विचारी, "अंकल, प्राइस?" नानाजी कडुनिंबाकडे पाहत. अंकलला ऐकू येत नसावं असं समजून ती पोरं निघून जात.

"मग मी या चौकोनात लिहू काय? महादेव?"

"लिही."

अपेक्षानं खरंच लिहिलं. 'जागा'मध्ये तिनं मोबाईल लिहिलं, कारण आता बाजार तिथंच भरतो. आणि 'जाहिरात' लिहिताना तिचे डोळे चमकले. "तुमच्या गोष्टीची रील बनवू. लोक पागल होऊन जाईन."

तिनं नानाजींना एका मोठ्या नंदीशेजारी बसवलं आणि फोन धरला. नानाजींनी नाग नदीच्या पुराची गोष्ट सांगितली. आधी तिच्यात तीन नद्या होत्या, त्या दिवशी आणखी दोन वाढल्या. शेवटी नंदीवर थाप मारून ते म्हणाले, "सात पिढ्या जाईन, पण हा हलणार नाही. माया हातचा नंदी घरात असंन, तं दुसरा घ्याची गरजच नाही बाप्पा!"

दोघंही खूष. बसलो ती फांदीच आपण तोडली, हे त्या घडीला दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रील अशी पसरली की काटोलपासून भिवापूरपर्यंत ज्याच्या हातात फोन त्याच्या फोनात नानाजी. पुढच्या रविवारी सकाळी अपेक्षा ओरडतच शेडमध्ये आली. "नानाजी, टोपी घाला! रांग लागली!"

रांग खरंच कोपऱ्यापर्यंत गेली होती. नानाजींनी धुतलेली टोपी घातली, नवे नंदी भिंतीकडून दाराकडे वळवले आणि कडुनिंबाकडे पाहायची तयारी ठेवली. पहिला माणूस आत आला. त्याच्या खांद्यावर पोतं होतं. पोत्यातून त्यानं एक रंग उडालेला नंदी काढून नानाजींसमोर ठेवला.

"ओळखलं का नानाजी? तुमचाच आहे. माया बाबानं नेला होता. तुमी बोलले ते एकदम खरं, टस का मस नाही झाला. आता पोरगा पुण्याले गेला, घरी कोणी ओढाले नाही. माळ्यावर ठेवाचा तं बायको बोंबलते, भंगारात द्याची हिंमत होत नाही. नंदी आहे न! मी म्हटलं, ज्याचा त्याच्याकडे नेऊन द्यावा."

त्याच्या मागच्या बाईच्याही काखेत नंदी होता. तिच्या मागच्या दोघांनी मिळून एक उचलून आणला होता. पार कोपऱ्यापर्यंत रांगेत माणसं कमी आणि नंदी जास्त. विदर्भात लाकडी नंदी कोणी फेकत नाही, जाळत नाही आणि विकतही नाही. इतकी वर्षं तो ठेवायचा कुठं हा लोकांना प्रश्न होता आणि रीलनं त्यांना पत्ता सांगितला होता.

परत पाठवणं नानाजींना जमण्यासारखं नव्हतं. माहेरी आलेल्या लेकीला कोणी दारातून वळवतं का? संध्याकाळपर्यंत शेड अशी भरली की नानाजींना स्वतःला बाहेर अंगणात बसावं लागलं. नवा नंदी एकही गेला नव्हता. उलट ज्यांनी घ्यायचं मनात आणलं होतं, त्यांनी रील पाहून काकाच्या माळ्यावरचा शोधून काढला होता.

मनोहरराव दाराशी आला आणि त्यानं आत पाहिलं. आतून शंभरेक लाकडी डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, हा धंदा आहे का पांजरपोळ?"

विक्की त्याच्या खांद्यावरून डोकावत होता. "नानाजी, बैल निघाले की जागा मोठी आहे हो. टेबलंही बसन."

त्या संध्याकाळी नानाजी जेवायलाही गेले नाहीत, भांडायलाही नाही. अपेक्षा ताट घेऊन अंगणात आली. त्यांच्याजवळ बसली आणि बराच वेळ दाराआडून दिसणाऱ्या त्या प्लायवूडकडे पाहत राहिली. मग उठली, नंद्यांच्या पाठींवरून हात टेकत टेकत आत गेली आणि पहिल्या चौकोनातली बरोबरची खूण तळहातानं पुसून टाकली.

"चूक इथं झाली. तुमचा नंदी म्हणून मी डोळे मिटून खूण केली. वस्तू चांगली आहे का हे विचारलं, पण कोणाले पाहिजे हे विचारलंच नाही."

"आणि मी फोनात सांगतलं की दुसरा घेऊच नका," नानाजी म्हणाले. "भल्ला हुशार दुकानदार आहो मी."

दोघांनाही हसू आलं. हसून झाल्यावर अपेक्षा दारातच बसली.

"माया ऑफिसात विजयवाड्याची आहे, भुवनेश्वरचा आहे, इंदोरचे तं किती आहे. तिकडं मिहानजवळच्या मोठ्या बिल्डिंगच्या फ्लॅट स्कीममध्ये राहतात. लहान लहान पोरं आहे त्याइची. तान्ह्या पोळ्याले गॅलरीतून पाहतात की हे पोरं बैल काहून ओढून राहिले. त्याइच्या घरी नंदी नाही, कारण आजोबाच इथला नाही. अन् विकत घेतला तं वर्षभर ठेवाले माळा नाही. त्याइले नंदी नाही पाहिजे, नानाजी. त्याइले एक दिवस पाहिजे."

"मंग?"

"मंग एका दिवसासाठी द्याचा. भाड्यानं."

नानाजींच्या हातातला घास ताटात पडला. "नंदी भाड्यानं? तो काय कूलर आहे का वं?"

"मग चौकोनात काय लिहू? परत महादेव? महादेवाच्या नावानं शेड नाही वाचत!"

ती रागानं घरात निघून गेली. नानाजी तिथंच बसले. समोर पोत्यातून आलेला पहिला नंदी उभा होता, उघडाबोडका. त्याच्या पाठीवर कधीकाळी झूल असल्याची फिकट खूण होती. नानाजी ती बोटानं घासत राहिले. बाप नंदीची किंमत सांगत नसे, हे खरं. पण झूल, घुंगरू, बाशिंग मागायला कोणी आलं तर बाप काय करी? बाप त्याला भिवापूरच्या बाजारात पाठवी, आणि तिथला दुकानदार कडुनिंबाकडे पाहत बसत नसे. चांगली घासाघीस चाले. आणि महादेव त्या दुकानदारावर कोपल्याचं बापाच्या एकाही गोष्टीत नव्हतं.

नानाजी ताट तसंच टाकून घरात शिरले.

"अपेक्षा! लिही वं त्या चौकोनात. नंदी फुकट. साजाचं भाडं! झूल, घुंगरू, बाशिंग, सजवून दाराशी आणून देणं, त्याचं जे असंन ते रोखठोक सांग. त्याच्यात मी तोंड घालत नाही."

अपेक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. सुमती शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती आणि इतके दिवस या भानगडीत पडली नव्हती.

"माया जुन्या साड्याइवर कोणी डोळा ठेवू नका," सुमती म्हणाली. थोड्या वेळानं मशीन थांबवून म्हणाली, "झुली मी शिवीन. पण शिलाई वेगळी लावाची. घरचं काम म्हणून नाही."

अशा रीतीनं दुसरा चौकोन भरला. पहिल्यात अपेक्षानं लिहिलं 'पोळ्याचा एक दिवस', तिसऱ्यात मोबाईल खोडून फ्लॅट स्कीमचं फाटक, आणि चौथ्यापाशी ती थांबली.

"गोष्टी तुम्हीच सांगाच्या. प्रत्येक नंदीसोबत एक. पण एक अट. नंदी मजबूत आहे, हे सांगाचं नाही."

"मंग काय सांगू? खोटं?"

"त्याचा स्वभाव सांगा. काय खाते, कोणावर रुसते."

नानाजींना हे पालवी फुटवण्यापेक्षा अवघड गेलं. पण एकेका नंदीला रंग देताना स्वभाव आपोआप दिसू लागला. एक लाजाळू होता. एकाला भात चालत नसे, पुरणपोळीच लागे. एकाला सायकलींची चीड होती, कारण गेल्या जन्मी तो सायकलीच्या दुकानात गहाण होता. सकाळी ऑफिसला जाण्याआधी अपेक्षा रंगाचा हात देई, आणि तिच्या ऑफिसातून स्कीमवाल्यांचे निरोप येऊ लागले. एका स्कीमचे नंदी ठरले, दुसरीचे ठरले. सामान नेणार कोण? विक्कीचा टेम्पो. विक्की आनंदानं तयार झाला. नंदी बाहेर निघताहेत म्हणजे शेड मोकळी होते आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी विक्कीचा टेम्पो मिहानकडच्या एका मोठ्या फाटकापाशी थांबला. चौकीदारानं आधी टेम्पोतल्या नंद्यांकडे पाहिलं, मग नानाजींकडे पाहिलं. "ये सब अंदर जाएंगे?"

"नहीं, ये सब अंदर रहते हैं. सुबह घूमने निकले थे," नानाजी म्हणाले. चौकीदारानं वहीत तसं लिहून फाटक उघडलं.

पोरं आली ती पूर आल्यासारखी. कोणाच्या डोक्यावर फेटा, कोणाच्या डोक्यावर आईची ओढणी. एक चिमुरडी पुरणपोळीवाल्या नंदीपुढे हात मागे बांधून उभी राहिली.

"दादाजी, ये काटता है क्या?"

"सिर्फ होमवर्क की कॉपी खाता है."

"पूरी?"

"गणित की पहले."

पाचच मिनिटांत तो नंदी मिळवण्यासाठी भांडणं सुरू झाली. मग आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं, नंद्यांची रांग लागली, आणि नानाजींनी घसा खाकरून पोळ्याची झडती म्हटली. झडती म्हणजे तोरणाखाली ओरडायचं गाणं, ते जागच्या जागी जुळवावं लागतं:

"लिफ्टमधून आला नंदी, लॉबीमध्ये थांबला,
चौथ्या माळ्याच्या काकूचा जिना पुसून दमला,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" विजयवाडा, भुवनेश्वर आणि इंदोर एका सुरात ओरडले. अर्थ कोणाला किती कळला, कोण जाणे. आवाज मात्र असा झाला की विमानतळावर उतरणारं एक विमान घाबरून परत वर गेलं. ते नंतर उतरलं म्हणतात.

मनोहरराव दुपारी नुसतं पाहायला म्हणून आला होता. हात मागे बांधून कडेला उभा होता. पण एका बाईनं रांग मोडून पुढे घुसायचा प्रयत्न केला आणि त्याच्यातला कारकून जागा झाला. "मॅडम, लाइन! एक के बाद एक!" पुढच्या घटकेला तो टेबल टाकून बसला होता. दुसऱ्या स्कीमवाल्यांचा फोन आला, पोरं जास्त झाली, आणखी नंदी आहेत का? नव्हते. शेडमधला शेवटचा, पूर्वी भिंतीकडे तोंड करून उभा असलेलाही, निघाला होता. मनोहररावानं फोनवर सांगितलं, "पुढच्या वर्षी आधी कळवा." आणि सांगून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच नवल वाटलं.

संध्याकाळी नंदी परत जमा होऊ लागले. ती चिमुरडी मात्र पुरणपोळीवाल्याच्या गळ्यात हात टाकून पायरीवर झोपली होती. तिचे वडील ओशाळून पुढे आले. "बाबूजी, ये छोड़ नहीं रही. ऐसा एक नया बना देंगे? क्या लेंगे आप?"

फ्लॅट स्कीममध्ये कडुनिंब नव्हता. नानाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी पाण्याच्या टाकीकडे पाहत उभे राहिले. अपेक्षा पुढे झाली. "नंदी का जो मन में आए, सर. झूल और घुंगरू का मैं बताती हूँ." त्या वडिलांच्या मागं आणखी दोन बाप येऊन उभे राहिले होते, आणि मनोहरराव त्यांना रांगेत लावत होता.

परतताना टेम्पोत नंद्यांच्या मधोमध नानाजी बसले, अपेक्षा बसली, आणि मनोहररावानं आपली स्कूटर तिथंच ठेवून टेम्पोच्या पुढच्या सीटवर जागा धरली. प्रताप नगर आलं. विक्कीनं टेम्पो अंगणात लावला, खाली उतरला आणि हात झटकत म्हणाला, "काका, पोळा झाला. चाबी आज देता का उद्या?"

नानाजी टेम्पोतून उतरता उतरता थांबले. एक पाय वर, एक खाली. मनोहररावानं शेडकडे पाहिलं, मग टेम्पोतल्या नंद्यांकडे, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुमतीकडे.

"चाबी नाही भेटत विक्की. शेडनं आपलं पोट भरलं. सुमतीच्या शिलाईसकट."

विक्कीचं तोंड उकडून गार झालेल्या मोमोसारखं झालं.

"आता ऐक," मनोहरराव पुढे म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच थोडा नानाजींसारखा लागला. "पुढच्या वर्षाच्या स्कीमा आजच तीन बोलल्या. एवढे नंदी या शेडमध्ये मावत नाहीत, नव्यांना जागा पाहिजे. तुझी गच्ची लागते आम्हाले. गच्चीचं भाडं देऊ, टेम्पोचं वेगळं देऊ. आणि पोळ्याच्या दिवशी त्या फाटकापाशी तुझे मोमोज लाव. एवढी पोरं, एवढ्या त्याइच्या आया, कोणाले भूक लागत नाही काय?"

विक्कीनं मान वर करून आपल्या गच्चीकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात फ्रिज एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकताना सगळ्यांना दिसला. मग तो टेम्पोत चढला, दोन नंदी काखेत मारले आणि आपल्या घराकडे तोंड करून ओरडला, "आई! गच्चीवरचे जुने कूलर उचलाचे आहे वं! पाहुणे येऊन राहिले!"